पलटणीतल्या डॉक्टरचा खर्ज

हातात मावणाऱ्या महागड्या ब्लूटूथ स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा भरदार उठला की शौकीन मंडळी कंपनीचं कौतुक करतात. मला मात्र हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ आठवतात. ते शिकले होते डॉक्टरकी.

१८२१ साली जर्मनीतल्या पोट्सडामला शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. ओढ भौतिकशास्त्राची, पण घरी पैसा नव्हता. बर्लिनच्या लष्करी संस्थेत वैद्यकीय शिक्षण सरकारी खर्चाने मिळे; बदल्यात आठ वर्षं सैन्यात नोकरी. आपल्याकडच्या बाँडचा हा थोरला भाऊच! पलटणीत असतानाच, १८४७ मध्ये, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला. नंतर त्यांना नोकरीतून लवकर मोकळीक मिळाली. १८५१ मध्ये त्यांनी डोळ्याचा आतला पडदा दाखवणारा ऑप्थॅल्मोस्कोप बनवला. मधुमेहींचे डोळे तपासताना तो आजही आमच्या हातात असतो.

मग ते कानाकडे वळले. त्यांनी पोकळ गोळे करवून घेतले. एका बाजूला उघडं तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसणारं टोक. प्रत्येक गोळा आपल्या ठरावीक स्वरालाच घुमे, त्यामुळे मिश्र आवाजातले स्वर वेगळे काढता येत. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की हेच घडतं: आतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि मानेतली हवा वजनासारखी खालीवर होते. मोठ्या स्पीकरच्या पेटीला भोक ठेवतात ते याच तत्त्वावर. छोट्या पेटीत खर्जासाठी लागणारी लांब नळी मावत नाही, म्हणून अनेकदा तार-चुंबक नसलेला एक जादा पडदा बसवतात. हवेच्या वजनाचं काम तो करतो. गाणं चालू असताना त्याला हलकेच बोट लावून पाहा.

१८६३ च्या ग्रंथात त्यांनी मांडलं, की अंतर्कर्णात प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते. तिथे पियानोसारख्या तारा असाव्यात ही त्यांची कल्पना पुढे टिकली नाही. जागेचं तत्त्व टिकलं. मोठ्या आवाजाने सहसा आधी उंच स्वरांच्या पेशी मरतात. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत. या पेशी पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. खर्ज अंगावर यावा म्हणून आवाज वाढवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

१८७१ पासून ते बर्लिनमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. अखेर हवा तो विषय मिळाला. तिथल्या त्यांच्या एका विद्यार्थ्याने, हाइनरिश हर्ट्झने, पुढे रेडिओलहरी प्रयोगाने दाखवल्या. मोबाइलमधलं गाणं ब्लूटूथने स्पीकरपर्यंत येतं ते याच जातीच्या लहरींवरून. १८९४ च्या जानेवारीत हर्ट्झ अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. त्याच्या अखेरच्या पुस्तकाला गुरूंनी प्रस्तावना लिहिली आणि सप्टेंबरात तेही गेले.