बेनाम सामुराईचा चेहरा

‘शोले’ने मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे मुक्काम केला. त्यामागील प्रेरणांपैकी एक असलेला जपानी ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) मात्र त्या गर्दीतील थोड्यांनाच ठाऊक असावा. त्यातील बढाईखोर किकुचियो साकारणाऱ्या तोशिरो मिफुने यांची खरी ओळख करून घ्यायची, तर ‘योजिंबो’ (१९६१) पाहायला हवा.

मिफुने यांचा जन्म १ एप्रिल १९२० रोजी चीनमधील चिंगदाओ येथे जपानी दाम्पत्याच्या पोटी झाला. वडील छायाचित्रकार होते. विसाव्या वर्षी मिफुने सक्तीने सैन्यात दाखल झाले आणि हवाई छायाचित्रणाच्या कामावर नेमले गेले. युद्धाच्या अखेरीस आत्मघातकी मोहिमांवर जाणारे कोवळे वैमानिक त्यांनी जवळून पाहिले.

युद्धानंतर पोटासाठी त्यांनी तोहो स्टुडिओत कॅमेरा सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला. तो पोहोचला नव्या कलावंतांच्या चाचणीत. उमेदवाराचा आडदांड बेदरकारपणा परीक्षकांना रुचला नाही. काजिरो यामामोतो आणि अकिरा कुरोसावा या दिग्दर्शकांनी बाजू घेतली म्हणूनच त्यांना प्रवेश मिळाला. पुढे ‘ड्रंकन एंजल’पासून (१९४८) ‘रेड बिअर्ड’पर्यंत (१९६५) कुरोसावा-मिफुने जोडीने १६ चित्रपट केले.

‘योजिंबो’ म्हणजे अंगरक्षक. दोन टोळ्यांच्या वैराने उजाड झालेल्या गावात एक निर्धन, धनीहीन सामुराई येतो. नाव विचारल्यावर समोरचे तुतीचे शेत पाहून तेच सांगतो. आपली तलवार कधी या टोळीला, कधी त्या टोळीला विकतो आणि दोघींना आपसांत लढवतो. शौर्याचा डौल नाही, ध्येयाची भाषा नाही. आहे ती खांदे उडवण्याची लकब आणि तुच्छतेची नजर.

मात्र एका रात्री हाच भाडोत्री माणूस ओलीस ठेवलेल्या स्त्रीला सोडवतो आणि मिळालेले पैसेही तिच्या कुटुंबाच्या हाती ठेवतो. त्या कुटुंबाचे आभाराचे पत्रच त्याचा घात करते आणि तो बेदम मार खातो. सारे कारस्थान पचवणाऱ्याला एक सत्कृत्य भोवते. माणुसकीची किंमत त्याला ठाऊक असते, म्हणूनच तो ती लपवत असतो; मिफुने हे शब्दांविना दाखवतात.

या भूमिकेसाठी व्हेनिस महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. १९६५ मध्ये ‘रेड बिअर्ड’साठी तो पुन्हा मिळाला. सर्जिओ लिओने यांनी हीच कथा परवानगीविना उचलून १९६४ मध्ये क्लिंट ईस्टवूडला घेऊन वेस्टर्न चित्रपट केला. ते प्रकरण कायदेशीर तडजोडीने मिटले.

‘रेड बिअर्ड’नंतर मिफुने आणि कुरोसावा पुन्हा एकत्र आले नाहीत. २४ डिसेंबर १९९७ रोजी मिफुने यांचे निधन झाले. पुढच्याच सप्टेंबरात कुरोसावाही गेले. पडद्यावरील संतप्त, स्वार्थी वाटणारा नायक आपल्याला ‘दीवार’मधून परिचित आहे. त्याचा हा जपानी पूर्वज एकदा तरी अवश्य भेटावा असा आहे.