तीनदा नागरिक झालेला सैनिक : भगतसिंग थिंद

९ डिसेंबर १९१८ रोजी वॉशिंग्टन राज्यात भगतसिंग थिंद यांना अमेरिकेच्या नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा त्यांच्या अंगावर अमेरिकन लष्कराचा गणवेश होता. चार दिवसांनी ते प्रमाणपत्र रद्द झाले. कारण एवढेच, की ते गोरे नव्हते. आणखी तीन दिवसांनी, १६ डिसेंबरला, लष्कराने त्यांना सन्मानपूर्वक सेवामुक्त केले आणि त्यांच्या वर्तणुकीबद्दल ‘उत्कृष्ट’ असा शेरा नोंदवला. सरकारच्या एका हाताने पाठ थोपटावी आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या हाताने दार लावून घ्यावे, असा हा प्रकार होता.

थिंद यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८९२ चा, पंजाबातील अमृतसर जिल्ह्यातला. १९१३ साली ४ जुलैला, म्हणजे नेमक्या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ते सिअ‍ॅटलच्या बंदरात उतरले. ओरेगनमधील लाकूड गिरण्यांत त्यांनी अंगमेहनतीची कामे केली आणि मिळकतीतून बर्कलीच्या विद्यापीठात शिक्षण घेतले. कोलंबिया नदीच्या काठचा हा प्रदेश त्या काळी गदर चळवळीची जन्मभूमी ठरत होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि पुढे लाहोरला फासावर गेलेले तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हे याच चळवळीतले. थिंद यांचाही गदरशी संबंध होता. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार त्यांनी कधी लपवला नाही आणि पुढे अधिकाऱ्यांनी तोच त्यांच्याविरुद्ध वापरला.

२२ जुलै १९१८ रोजी ते लष्करात दाखल झाले आणि कॅम्प लुईस येथील छावणीत गेले. तिथे त्यांना पगडी ठेवण्याची मुभा मिळाली. तेथील त्यांचे पगडीधारी छायाचित्र आज बऱ्याच जणांच्या परिचयाचे आहे. ८ नोव्हेंबरला त्यांना हंगामी सार्जंटचे पद मिळाले आणि तीनच दिवसांनी युद्धविराम झाला. आघाडीवर जाण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही, म्हणून त्यांच्या चरित्रात रणांगणावरचा पराक्रम शोधू नये. मात्र युद्ध केव्हा संपेल हे जुलैमध्ये कोणाला ठाऊक होते? ज्याने त्या उन्हाळ्यात सही केली, त्याने फ्रान्सच्या खंदकांत जाण्याची तयारी ठेवूनच केली. शिवाय लष्करात सेवा करणाऱ्या परकीयांना लवकर नागरिकत्व देणारा कायदा ९ मे १९१८ रोजी संमत झाला होता. थिंद यांनी मागितले ते या कायद्याने देऊ केलेलेच होते.

अडचण होती ती आणखी जुन्या कायद्याची. १७९० पासून नागरिकत्व केवळ ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तींना मिळे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मधल्या कोणालाही त्यात जागा नव्हती. थिंद यांनी ओरेगनमध्ये पुन्हा अर्ज केला. अधिकाऱ्यांनी कसून विरोध केला, गदरचा विषयही काढला. तरीही १८ नोव्हेंबर १९२० रोजी न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हर्टन यांनी त्यांना दुसऱ्यांदा नागरिक केले. सरकार अपिलात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले.

तिथला युक्तिवाद आज वाचताना मन खट्टू होते. हिंदुस्थानातील उच्चवर्णीय हे आर्य, म्हणजेच कॉकेशियन, म्हणून ते गोरे, अशी मांडणी त्यांच्या बाजूने झाली. जातिभेद नाकारणाऱ्या पंथातला हा शीख तरुण न्यायालयाच्या कागदांत ‘उच्चवर्णीय हिंदू’ म्हणून उभा होता. गोऱ्यांनाच नागरिकत्व का, हा प्रश्न त्याने विचारला नाही. मला त्यांच्यात मोजा, एवढेच मागितले. तेवढीच फट उघडी असताना वकिलांनी दुसरे काय करायचे, असेही म्हणता येईल. पण ज्या शिडीचा आधार घेतला तीच मुळात अन्यायाची होती, हे विसरता येत नाही.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी एकमताने निकाल लागला. तो न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिला, जे स्वतः इंग्लंडात जन्मलेले स्थलांतरित होते. तीनच महिन्यांपूर्वी याच न्यायमूर्तींनी जपानी वंशाच्या ताकाओ ओझावा यांना, गोरा म्हणजे कॉकेशियन, असे सांगून परत पाठवले होते. आता थिंद यांना सांगण्यात आले, की शास्त्र काही म्हणो, गोरा कोण हे सामान्य माणसाच्या समजुतीवरून ठरेल. न्यायालयापुढे दोन प्रश्न ठेवले गेले होते आणि त्यांतला एकही त्यांच्या गणवेशाविषयी नव्हता. दुसरे नागरिकत्वही गेले.

निकालाचा फटका इतरांनाही बसला. आधी नागरिक झालेल्या अनेक हिंदुस्थानी लोकांची प्रमाणपत्रे सरकार रद्द करू लागले. नागरिकत्व गमावलेले सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. थिंद यांच्या वकिलांपैकी एक, सखाराम गणेश पंडित, १९१४ पासून नागरिक होते. त्यांच्यावरही खटला झाला, परंतु आपले नागरिकत्व त्यांनी न्यायालयात लढून राखले.

१९२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले, की १९१८ चा सैनिकांसाठीचा कायदाही आशियाई वंशीयांना लागू होत नाही. तो खटला हिदेमित्सु टोयोटा यांचा. त्यांनी अमेरिकेच्या तटरक्षक दलात सुमारे दहा वर्षे काढली होती.

या माजी सैनिकांच्या बाजूने अखेर उभे राहिले ते माजी सैनिकच. फ्रान्समध्ये लढून आलेले जपानी वंशाचे टोकुतारो स्लोकम यांनी काँग्रेसच्या सदस्यांचे उंबरठे झिजवले. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने पाठिंबा दिला. याच संघटनेची कॅलिफोर्निया शाखा आशियाई लोकांना देशाबाहेर ठेवण्याच्या मोहिमेत पुढे होती, हे पाहता ही गोष्ट लहान नव्हती. २४ जून १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची विधेयकावर सही झाली. वंशामुळे अपात्र ठरलेले, परंतु पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेले परकीय आता नागरिक होऊ शकत होते. अर्ज करण्यासाठी १९३६ अखेरपर्यंतची मुदत होती. या कायद्याने आभार मानले ते फक्त सैनिकांचे. त्यांच्या देशबांधवांचे दार बंदच राहिले.

थिंद यांनी १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्यांदा अर्ज केला आणि या वेळी मिळालेले नागरिकत्व कोणी काढून घेतले नाही. गणवेश उतरवल्याला तेव्हा जवळजवळ अठरा वर्षे झाली होती. या साऱ्या काळात त्यांनी अमेरिका सोडली नाही. गावोगावी व्याख्याने देत, शीख धर्मविचारांबरोबर इमर्सन, थोरो आणि व्हिटमन यांचे दाखले देत त्यांनी श्रोतृवर्ग मिळवला, अध्यात्मावर पुस्तके लिहिली. १९४० मध्ये व्हिव्हियन डेव्हीस यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

इतर हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग २ जुलै १९४६ च्या कायद्याने खुला झाला. तोही वर्षाकाठी १०० जणांच्या कोट्यासह. तो कोटा १९६५ च्या कायद्याने मोडीत काढला आणि मराठी डॉक्टर-इंजिनियरांची पहिली मोठी लाट त्यानंतर अमेरिकेत आली. ती नुकती सुरू होत असताना, १५ सप्टेंबर १९६७ रोजी, थिंद यांचे लॉस एंजेलिसमध्ये निधन झाले.