बाहुल्यांच्या घरात 'खून' घडवून या आजीबाईंनी अमेरिकेच्या पोलिसांना तपास शिकवला

टीव्हीवरच्या सीआयडीत एक सीन ठरलेला असायचा. दरवाजा बंद, आतून आवाज नाही, मग दया जोर लावणार आणि अख्खी टीम धाडकन आत घुसणार. बघायला भारी वाटतं. पण खऱ्या तपासात कडी आतून लावली होती का, उंबऱ्याजवळ कुणाच्या बुटाचा ठसा होता का, हे सगळं त्या एका धडकेत पुसलं जाऊ शकतं.

म्हणजे आरोपी सापडायच्या आधीच पुरावा गायब. तोही पोलिसांच्याच हातून.

साधारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत असं सर्रास व्हायचं. पोलिसांची ही सवय मोडायचं मनावर घेतलं एका बाईनं, जिला स्वतःला कॉलेजचं तोंड बघायला मिळालं नव्हतं.

तिचं नाव फ्रान्सिस ग्लेसनर ली.

फ्रान्सिसचा जन्म २५ मार्च १८७८ चा, शिकागोमधला. घरात पैशाला तोटा नव्हता. वडील जॉन ग्लेसनर शेतीची यंत्रं बनवायच्या धंद्यात होते. पुढं इंटरनॅशनल हार्वेस्टर नावाची बलाढ्य कंपनी उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्ये ते होते. फ्रान्सिस आणि तिचा भाऊ जॉर्ज, दोघांनाही घरी शिक्षक ठेवून शिकवलं. पण वेळ आली तेव्हा जॉर्ज हार्वर्डला गेला आणि फ्रान्सिस घरीच राहिली. हार्वर्डचं मेडिकल कॉलेज तर तेव्हा बायकांना प्रवेशच देत नव्हतं.

तिच्या वाट्याला शिवणटिपण, विणकाम आणि घर सजवणं आलं. १८९८ मध्ये लग्न झालं, तीन मुलं झाली, पण संसार टिकला नाही. १९१४ मध्ये घटस्फोट झाला. त्याच्या आदल्या वर्षी तिनं आईच्या वाढदिवसाला शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राचं छोटंसं मॉडेल बनवून दिलं होतं. त्यात ९० वादक होते, प्रत्येकाच्या हातात त्याचं त्याचं वाद्य. तेव्हा ही हौस वाटली. पुढं हीच हौस पोलीस खात्याच्या कामी आली.

झालं असं की, जॉर्जचा हार्वर्डमधला एक मित्र होता, डॉ. जॉर्ज मॅग्रा. तो बोस्टनमध्ये मेडिकल एक्झामिनर होता, म्हणजे संशयास्पद मृत्यू झाला की मृतदेह तपासून कारण सांगणारा सरकारी डॉक्टर. त्याच्याकडून फ्रान्सिसबाई केसेसच्या गोष्टी तासनतास ऐकायच्या. त्यात एक तक्रार कायम असायची. पोलीस पोचतात, मृतदेह हलवतात, रक्तावरून चालत जातात, हत्यार हातात घेऊन बघतात. डॉक्टर येईपर्यंत बघण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी अडचण कोरोनरची होती. मुंबईकरांना हा शब्द नवा नाही, इंग्रजांच्या काळापासून मुंबईत कोरोनर कोर्ट होतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कोरोनर निवडणुकीतून यायचा आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे अशी अट नसायची. माणूस कशानं मेला हे ठरवणाऱ्यालाच शरीरातलं काही कळत नाही, अशी गत. अशानं खून आत्महत्या म्हणून दप्तरी लागू शकत होता आणि साध्या अपघातात निर्दोष माणूस आत जाऊ शकत होता.

फ्रान्सिसबाईंना हे मनापासून करायला मिळालं तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९३१ साली त्यांनी हार्वर्डला न्यायवैद्यकशास्त्राचा विभाग सुरू करायला पैसे दिले. १९३४ मध्ये मॅग्रांच्या नावानं त्या विषयाची लायब्ररी दिली. १९३६ मध्ये आणखी अडीच लाख डॉलर दिले. ज्या विद्यापीठाचं दार त्यांच्यासाठी उघडलं नव्हतं, तिथंच त्यांनी एक नवीन विषय उभा केला.

पण नुसते डॉक्टर तयार करून भागणार नव्हतं. मृतदेहापाशी सगळ्यात आधी पोचतो तो पोलीस. त्यानंच घोळ घातला तर पुढचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी काय करणार? म्हणून १९४५ पासून हार्वर्डमध्ये पोलिसांसाठी आठवडाभराचा कोर्स सुरू झाला. तोवर, १९४३ मध्ये, न्यू हॅम्पशायरच्या स्टेट पोलिसांनी फ्रान्सिसबाईंना मानद कॅप्टन केलं होतं. वय होतं ६५.

आता प्रश्न असा होता की शिकवायचं कसं?

पोस्टमॉर्टेम, विष, जखमा यांवर लेक्चर देता येतं. पण घटनास्थळ बघायचं कसं, हे फळ्यावर शिकवता येत नाही. वीस-पंचवीस पोलिसांना खऱ्या खुनाच्या खोलीत नेलं तर तेच पुरावा तुडवणार. खरी केस शिकवणीसाठी थांबूनही राहत नाही.

इथं लहानपणीची हौस कामाला आली. फ्रान्सिसबाईंनी राल्फ मोशर नावाच्या सुताराला हाताशी धरून बाहुल्यांची घरं बनवली. एक फुटाला एक इंच, असं प्रमाण. प्रत्येकात एक मृत्यू, आणि तो खऱ्या केसेसवर बेतलेला. या मॉडेल्सना त्यांनी नाव दिलं, नटशेल स्टडीज ऑफ अनएक्सप्लेन्ड डेथ.

काम किती बारीक असावं? बाहुल्यांचे पायमोजे त्यांनी टाचण्यांवर विणले. कुलपं खरोखर लागायची. भिंतीवरचं कॅलेंडर घटनेच्या तारखेला जुळायचं. मृतदेह किती वेळ पडून आहे, हे बाहुलीच्या कातडीच्या रंगावरून कळावं म्हणून तसा रंग दिलेला असायचा.

एक मॉडेल स्वयंपाकघराचं आहे. बाई जमिनीवर मरून पडलीय. गॅस चालू, दारं बंद, फटींमध्ये वर्तमानपत्रं कोंबलेली. पहिल्या नजरेत आत्महत्या. पण सिंकमध्ये अर्धवट सोललेले बटाटे आहेत. इस्त्रीचं काम मध्येच राहिलंय. जीव द्यायला निघालेली बाई जेवणाची तयारी करेल का? कदाचित करेलही. पण हा प्रश्न न विचारता जो पोलीस फाईल बंद करेल, तो नापास.

कोर्समध्ये प्रत्येकाला दोन मॉडेल्स आणि ९० मिनिटं मिळायची. सोबत साक्षीदारांचे जबाब असायचे, पण साक्षीदार खरंच बोलतोय याची गॅरंटी नसायची. पद्धत ठरलेली होती. आधी नुसतं उभं राहायचं. मग कडेपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं नजर गोल फिरवत मध्यभागी, म्हणजे मृतदेहापर्यंत आणायची. दिसेल ते लिहून घ्यायचं. अंदाज सगळ्यात शेवटी.

खुनी ओळखणं हा यात मुद्दाच नव्हता. काही मॉडेल्समध्ये खून आहे, काहींमध्ये आत्महत्या, अपघात किंवा नैसर्गिक मृत्यू. बघायला येणाऱ्यानं आधीच निकाल लावून येऊ नये, एवढ्यासाठीच ही सरमिसळ. गुन्हेगाराला पकडणं हे जेवढं तपासाचं काम, तेवढंच निर्दोष माणसाला सोडवणं हेही, असं बाईंचं म्हणणं होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या बाहुल्या राजवाड्यात मरत नाहीत. भाड्याची खोली, लाकडी झोपडी, धान्याचं कोठार, साधं बाथरूम, असल्या जागी मरतात. मरणाऱ्यांमध्ये बायका जास्त. दारूच्या नादी लागलेली बाई, एकटी राहणारी बाई. ज्यांच्या मृत्यूची फाईल पटकन बंद होते आणि कुणी विचारायलाही येत नाही, अशी माणसं. त्यांच्याकडंही तेवढ्याच बारकाईनं बघा, हे स्वतः वाड्यात वाढलेल्या या बाईनं पोलिसांना करायला लावलं.

कोर्सच्या शेवटी बोस्टनच्या रिट्झ कार्ल्टन हॉटेलमध्ये पोलिसांना शाही जेवण असायचं. त्याची व्यवस्थाही बाई जातीनं बघायच्या. पेरी मेसनच्या कादंबऱ्या लिहिणारा अर्ल स्टॅन्ली गार्डनरही त्यांच्या कामानं भारावला होता, आपली एक कादंबरी त्यानं त्यांना अर्पण केली.

२७ जानेवारी १९६२ ला फ्रान्सिसबाई गेल्या. पाचच वर्षांनी हार्वर्डनं तो विभाग बंद केला. मॉडेल्सही अडगळीत गेली असती, पण ती बाल्टिमोरला हलवण्यात आली आणि मेरीलँडच्या मुख्य मेडिकल एक्झामिनरच्या ऑफिसात ठेवली गेली. तिथं १८ मॉडेल्स जपली आहेत. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ती बघायला सामान्य लोकांनी गर्दी केली.

बाल्टिमोरमधला तपासाचा कोर्स आजही फ्रान्सिसबाईंच्या नावानं चालतो आणि पोलीस टॉर्च घेऊन त्या छोट्या खोल्यांमध्ये डोकावतात. म्हणूनच या मॉडेल्सची उत्तरं सहसा बाहेर सांगितली जात नाहीत. ऐंशी वर्षांनंतरही त्यांची परीक्षा संपलेली नाही.