डॉ. विक्रम साराभाई

मुलांनो, नांदेडहून लातूरला एसटीची गाडी निघते. वाटेत लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे लागतात. पुढे गेलेली गाडी नांदेडच्या स्थानकातून दिसत नाही. पण प्रत्येक स्थानकावर तिची नोंद झाली, तर त्या सर्व नोंदींवरून तिचा पूर्ण प्रवास कळतो.

लहान उपग्रहांचेही असेच असते. पाच-सहाशे किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह सुमारे दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतो. एका ठिकाणाहून त्याच्याशी जेमतेम दहा मिनिटे संपर्क साधता येतो. तेवढ्या वेळात त्याला आज्ञा द्यायच्या आणि त्याने पाठवलेली माहिती घ्यायची. म्हणून दूरदूरच्या ठिकाणी भूकेंद्रे उभारून ती एकमेकांना जोडावी लागतात. आपल्या देशात या कामाचा पाया डॉ. विक्रम साराभाई यांनी घातला.

त्यांचा जन्म 12 ऑगस्ट 1919 रोजी अहमदाबाद येथे झाला. घरच्या कापडगिरण्या होत्या. कशाचीच उणीव नव्हती. तरीही त्यांनी विज्ञानाची वाट धरली. केंब्रिजला शिकत असताना महायुद्ध सुरू झाले. ते परत आले आणि बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. 1947 साली त्यांनी अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली.

केरळमधील थुंबा हे कोळ्यांचे लहानसे गाव. तेथील चर्चच्या इमारतीत त्यांच्या सहकाऱ्यांनी कचेरी थाटली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले. 21 नोव्हेंबर 1963 रोजी तेथून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला.

गरीब देशाला हा खर्च कशाला, असे अनेकांना वाटे. साराभाईंना श्रीमंत देशांशी शर्यत लावायची नव्हती. खेड्यातल्या माणसापर्यंत शिक्षण आणि शेतीची माहिती पोहोचावी, ही त्यांची तळमळ होती. 1967 साली अहमदाबादला प्रायोगिक भूकेंद्र सुरू झाले. तेथे आपले इंजिनिअर तयार झाले. त्या अनुभवाच्या बळावर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे मोठे भूकेंद्र उभे राहिले. पुढे त्याला 'विक्रम' हेच नाव मिळाले.

30 डिसेंबर 1971 रोजी साराभाईंचे अकस्मात निधन झाले. तेव्हा ते अवघे 52 वर्षांचे होते. त्यांनी पाहिलेले स्वप्न अपुरे होते. पण त्यांनी घडवलेली माणसे मागे होती. 19 एप्रिल 1975 रोजी 360 किलो वजनाचा 'आर्यभट' हा पहिला भारतीय उपग्रह अवकाशात गेला. त्याचे संदेश श्रीहरिकोटा आणि मॉस्कोजवळच्या केंद्रांत घेतले गेले. त्याच वर्षी ऑगस्टपासून वर्षभर सुमारे 2,400 खेड्यांत उपग्रहामार्फत दूरदर्शनचे कार्यक्रम दिसले. त्यांत आपल्या शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातील गावेही होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या तबकड्या तेथे बसवल्या होत्या! या प्रयोगात कोल्हापूरला जन्मलेल्या एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता.

आज बंगळूर, लखनौ, पोर्ट ब्लेअर, मॉरिशस अशा ठिकाणची भूकेंद्रे मिळून आपल्या उपग्रहांवर लक्ष ठेवतात. एका केंद्राच्या नजरेआड गेलेला उपग्रह दुसऱ्याला सापडतो.

मुलांनो, सूर्यास्तानंतर आकाशात न लुकलुकता सरकणारा एखादा ठिपका दिसला, तर तो उपग्रह असू शकेल. त्या वेळी साराभाईंची आठवण जरूर करा. एकट्याच्या आवाक्याबाहेरचे काम अनेकांनी जोडून घेतले की पार पडते, हे त्यांनी आपल्या आयुष्यातून दाखवून दिले.