नीजिमांचे कॉलेज

जुलै १८६४ मधील एका रात्री जपानच्या उत्तरेकडील हाकोदाते बंदरात एक लहानशी होडी किनाऱ्यापासून दूर सरकली. होडीच्या तळाशी एकवीस वर्षांचा एक तरुण निपचित पडून होता आणि त्याचा मित्र वल्ही मारीत होता. पहारेकऱ्याने हाक दिली. मित्राने शांतपणे काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. होडी बर्लिन नावाच्या अमेरिकन जहाजाला लागली आणि त्या तरुणाला कप्तानाने कोठीच्या खोलीत कोंडून ठेवले. सकाळी जपानी अधिकारी जहाजाची तपासणी करण्यास आले; परंतु त्यांना तो सापडला नाही. सापडता, तर त्याचे मस्तक शाबूत राहिले नसते. कारण परवानगीवाचून देश सोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा, असा जपानचा कायदा त्या काळी दोन शतकांहून अधिक काळ अमलात होता.

हा तरुण म्हणजे पुढे जोसेफ हार्डी नीजिमा या नावाने प्रसिद्धीस आलेला जपानी शिक्षणमहर्षी होय. त्याचा जन्म १८४३ साली एडो शहरी, म्हणजे आजच्या टोकियोत, अन्नाका संस्थानच्या अधिपतीच्या वाड्यात झाला. घराणे सामुराईंचे; परंतु वडिलांचा व्यवसाय लेखनिकाचा व सुलेखन शिकविण्याचा होता. चार मुलींच्या पाठीवर मुलगा झाला हे ऐकताच आजोबांच्या तोंडून जो आनंदोद्गार निघाला, तोच 'शिमेता' हा शब्द नातवाचे नाव होऊन बसला, अशी कथा सांगतात.

शिमेताला तलवारीपेक्षा पुस्तकाची ओढ अधिक. धन्याची चाकरी चुकवून तो डच भाषा शिकण्यास जाई आणि त्याबद्दल बोलणी खाई. एकदा एडोच्या उपसागरात त्याने डचांची युद्धनौका पाहिली. तिच्यापुढे आपल्या देशाची गलबते खेळण्यासारखी आहेत, हे पाहून त्याच्या मनाला मोठा चटका बसला. पुढे अमेरिकेचे वर्णन करणारे एक चिनी पुस्तक त्याच्या हाती आले. तेथे राज्याचा प्रमुख लोक निवडतात आणि गरिबांच्या मुलांना विनामूल्य शाळा आहेत, हे वाचून तो थक्क झाला. ह्या शाळा प्रत्यक्ष पाहाव्यात, असे त्याच्या मनाने घेतले. हाकोदातेची ती रात्र हे त्याचेच फळ.

जहाजावर ह्या सामुराईपुत्राला बशा धुवाव्या लागल्या आणि केबिन झाडावी लागली. इंग्रजी समजले नाही म्हणून एका उतारूने त्याला मारले, तेव्हा तो संतापाने तलवार आणण्यास धावला. परंतु तलवारीला हात घालताच थबकला. याहून कठीण प्रसंग पुढे येणार आहेत आणि एवढेही सोसत नसेल तर ते कसे सोसणार, असा विचार त्याच्या मनात आला व तो परत फिरला. शांघाय येथे तो वाइल्ड रोव्हर या दुसऱ्या जहाजावर चढला. त्या जहाजाच्या कप्तानाला त्याचे नाव उच्चारता येईना. म्हणून त्याने त्याला 'जो' म्हणण्यास आरंभ केला. हाँगकाँगला उतरल्यावर त्याला चिनी भाषेतील 'नवा करार' विकत घ्यावयाचा होता. पदरी पैसा नव्हता. म्हणून त्याने आपली आखूड तलवार कप्तानास विकली.

१८६५ च्या उन्हाळ्यात जहाज बोस्टनला पोचले. तेथे त्याला कोणी ओळखत नव्हते. जहाजाचे मालक आल्फियस हार्डी यांनी त्याला येण्याचे कारण विचारले; पण बोलून काही उलगडा होईना. तेव्हा त्याने आपली सारी हकिकत मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून त्यांच्यापुढे ठेवली. व्याकरणाच्या दृष्टीने त्या लेखात चुकांचा सुकाळ होता. परंतु तो वाचून हार्डी पतिपत्नींचे अंतःकरण हेलावले. हार्डींना तरुणपणी धर्मोपदेशक व्हावयाचे होते. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्यांना शिक्षण सोडून व्यापारात पडावे लागले होते. त्यांनी ह्या परक्या मुलाला आपल्या कुटुंबात घेतले आणि त्याच्या शिक्षणाचा सर्व भार उचलला. दोन वर्षे अँडोव्हर येथील फिलिप्स अकॅडमीत पूर्वतयारी झाल्यावर, १८६७ साली, नीजिमांनी ॲमहर्स्ट कॉलेजात प्रवेश घेतला.

मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या पश्चिमेस, ॲमहर्स्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील टेकडीवर १८२१ साली हे कॉलेज निघाले. ज्यांना धर्मोपदेशक व्हावयाचे आहे, परंतु ज्यांच्याजवळ पैसा नाही, अशा तरुणांची सोय व्हावी हा त्याचा मूळ हेतू होता. वैद्यकी किंवा वकिली असा एखादा धंदा शिकविणे हे ह्या कॉलेजचे काम नव्हते. ग्रीक व लॅटिन, गणित, तत्त्वज्ञान, निसर्गशास्त्रे यांच्या अभ्यासाने मनुष्याची बुद्धी व शील घडवावे, मग त्याने वाटेल तो व्यवसाय करावा, अशी तेथील परंपरा. दिवसाचा आरंभ सामुदायिक प्रार्थनेने होई. व्यायाम सर्वांना सक्तीचा असून त्यासाठी स्वतंत्र प्राध्यापक नेमलेला होता. अमेरिकेत ही गोष्ट प्रथम येथेच झाली. प्राचीन प्राण्यांच्या पावलांचे ठसे उमटलेल्या शिळांचा मोठा संग्रहही कॉलेजात होता.

नीजिमांनी भौतिक शास्त्रांकडे विशेष लक्ष दिले. तथापि, ह्या कॉलेजने त्यांना जे दिले, ते केवळ पुस्तकांतले नव्हते. विद्यार्थी थोडे असल्यामुळे प्राध्यापक प्रत्येकाला नावाने ओळखत. ज्या देशात आपण धन्याच्या वाड्यातील एक चाकर होतो, तेथून आलेल्या तरुणाला ही गोष्ट किती मोलाची वाटली असेल! तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ज्यूलियस सीली यांचा त्यांच्यावर फार लोभ जडला. संधिवाताने नीजिमा अंथरुणाला खिळले, तेव्हा सीलींनी त्यांना आपल्या घरी नेऊन ठेवले आणि त्यांच्या पत्नीने आईच्या मायेने शुश्रूषा केली. (हेच सीली पुढे हिंदुस्थानात येऊन येथील सुशिक्षितांपुढे व्याख्याने देऊन गेले.) खोलीतील सोबती विल्यम हॉलंड याने तर नीजिमांकडून जपानी भाषेचे धडे घेतले. हा हॉलंड पुढे फुलपाखरांचा नामांकित अभ्यासक झाला.

१८७० साली नीजिमा पदवीधर झाले. पाश्चात्त्य देशातील कॉलेजची पदवी मिळविणारे ते पहिले जपानी होत. त्यानंतर अँडोव्हर येथे धर्मशास्त्राचा अभ्यास चालू असताना, १८७२ साली, जपान सरकारचे इवाकुरा शिष्टमंडळ अमेरिकेत आले. एव्हाना जपानमध्ये राज्यक्रांती होऊन जुने कायदे मोडले होते आणि नीजिमांना पूर्वीच्या अपराधाबद्दल माफीही मिळाली होती. शिष्टमंडळातील शिक्षणाधिकारी तानाका यांना दुभाष्या हवा होता. नीजिमांनी ते काम स्वीकारले; परंतु आपण सरकारचे आश्रित विद्यार्थी नसून करार करून काम करणारे स्वतंत्र नागरिक आहोत, हे आधी मान्य करून घेतले. त्यांनी तानाकांसह युरोपातील शाळा पाहिल्या. तानाकांनी त्यांना शिक्षणखात्यात येण्याचा पुष्कळ आग्रह केला. खात्यात मान होता, वेतन होते आणि देशभरच्या शाळांवर अधिकार चालविण्याची संधी होती. नीजिमांनी नकार दिला. स्वतंत्र बुद्धीची माणसे घडवावयाची तर कॉलेज सरकारच्या दावणीला बांधलेले असू नये, अशी त्यांची धारणा झाली होती.

ऑक्टोबर १८७४ मध्ये व्हर्मॉन्ट राज्यातील रटलंड गावी एका मिशन मंडळाची सभा भरली. (मुंबई व अहमदनगर येथे शाळा चालविणारे मंडळ ते हेच.) निरोपाचे चार शब्द बोलण्यास उभे राहिलेल्या नीजिमांनी जपानात असे कॉलेज काढण्यासाठी पैसे मागितले आणि ते मिळाल्यावाचून मी परत जाणार नाही, असे सांगितले. पाहता पाहता सुमारे पाच हजार डॉलर जमले. सभा संपल्यावर एका गरीब शेतकऱ्याने त्यांच्या हातावर दोन डॉलर ठेवले. ते त्याचे परतीचे गाडीभाडे होते. तो पायी घरी गेला. श्रीमंतांच्या देणग्यांहून ह्या दोन डॉलरांची आठवण नीजिमांना जन्मभर राहिली.

२९ नोव्हेंबर १८७५ रोजी क्योतो येथे त्यांची शाळा सुरू झाली. विद्यार्थी आठ आणि शिक्षक दोन! नाव दोशिशा, म्हणजे समान ध्येयाने एकत्र आलेल्यांचा संघ. क्योतो हे मंदिरांचे शहर. तेथील धर्मगुरूंचा विरोध कडवा होता. अशा वेळी यामामोतो काकुमा हे अंध राजकीय सल्लागार त्यांच्या पाठीशी उभे राहिले व त्यांच्यामुळे शाळेला जागा मिळाली. त्यांची बहीण याए हिच्याशी १८७६ साली नीजिमांचा विवाह झाला. ह्या बाईंनी १८६८ च्या यादवीत बंदूक हाती घेऊन आइझूचा किल्ला लढविला होता.

१८८० साली दोन वर्ग एकत्र करण्याच्या निर्णयावरून विद्यार्थी रुसले आणि वर्गाबाहेर राहिले. नियमाप्रमाणे त्यांना शिक्षा होणे प्राप्त होते. शाळा चालविण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना हा पेच किती अवघड असतो हे ठाऊक आहे. १३ एप्रिलच्या सकाळी नीजिमा हातात काठी घेऊन सर्वांपुढे उभे राहिले. दोष विद्यार्थ्यांचा नाही, शिक्षकांचाही नाही. संस्थेचा प्रमुख म्हणून तो माझा आहे, असे सांगून त्यांनी आपल्याच डाव्या हातावर काठी मारण्यास सुरुवात केली. काठी मोडून तिचे तुकडे उडाले, तरी ते थांबेनात. अखेर विद्यार्थ्यांनी रडत रडत त्यांचा हात धरला. ते तुकडे दोशिशात जपून ठेवलेले आहेत.

दोशिशाचे विद्यापीठ व्हावे म्हणून प्रकृतीची तमा न बाळगता ते देणग्यांसाठी हिंडत राहिले. १८८९ साली ॲमहर्स्टने त्यांना सन्माननीय पदवी दिली. परंतु शरीर पूर्ण खचले होते. २३ जानेवारी १८९० रोजी ओइसो येथे, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. मरणापूर्वी दोन दिवस त्यांनी आपल्या सूचना लिहवून घेतल्या. संस्था जसजशी मोठी होईल तसतशी ती यंत्रासारखी चालू लागण्याचा धोका आहे, त्याविषयी सावध असावे. आणि जे विद्यार्थी मनस्वी व स्वच्छंद असतील त्यांना जखडून न टाकता त्यांच्या प्रकृतीप्रमाणे वाढू द्यावे, असे त्यांत सांगितले होते. १९२० साली दोशिशाला सरकारमान्य विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ॲमहर्स्टच्या टेकडीवरील प्रार्थनामंदिरात, कॉलेजच्या थोर पुरुषांच्या तसबिरींच्या ओळीत, नीजिमांचीही तसबीर लावलेली आहे.