लेव्हानियाचा कर्ता : योहानेस केप्लर

ग्रहगतीच्या तीन नियमांचा कर्ता म्हणून योहानेस केप्लर (१५७१–१६३०) हे नाव आपल्याला शालेय वयापासून परिचित असते. याच केप्लरने ‘सोम्नियम’, म्हणजे ‘स्वप्न’, या नावाची एक लॅटिन कथा लिहिली आणि तीत लेव्हानिया नावाची एक परकीय सृष्टी उभी केली, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाची वाटावी. विज्ञानकथेचा आरंभ शोधणारे अनेक जण या कथेपाशी येऊन थांबतात. आद्यत्वाचा तो वाद येथे बाजूला ठेवू. कल्पित सृष्टीतील एका पात्रामुळे आपली जन्मदाती संकटात सापडली, अशी समजूत या लेखकाला आयुष्याच्या अखेरच्या दशकात छळत होती. त्या समजुतीने संहितेचे रूपच पालटले. ते कसे, हे त्याच्या चरित्राच्या आधारे पाहावयाचे आहे.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी नैर्ऋत्य जर्मनीतील वाइल डेर श्टाट या लहानशा गावी झाला. वडील हाइनरिश भाडोत्री सैनिक होते. ते वारंवार घर सोडून जात आणि शेवटी गेले ते परतलेच नाहीत. आई काथारीना ही खानावळवाल्याची मुलगी. तिला झाडपाल्याची औषधे ठाऊक होती. १५७७ चा मोठा धूमकेतू पाहण्यासाठी तिने मुलाला उंचावर नेले होते. देवीच्या आजाराने दृष्टी अधू झालेल्या या मुलाने पुढे आकाशाचे गणित मांडले.

लेव्हानियाचे बीज ट्यूबिंगेन विद्यापीठातील विद्यार्थिदशेत पडले. तेथे मिखाएल मेस्टलिन या गुरूकडून त्याला कोपर्निकसची सूर्यकेंद्री उपपत्ती समजली. चंद्रावर उभे राहून पाहिले तर आकाश कसे दिसेल, या प्रश्नावर त्याने १५९३ मध्ये प्रबंध रचला. विद्यापीठातील वादसभेत तो मांडण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. पुढे ग्राट्‌स येथील अध्यापन, १६०० मध्ये प्रागला टीको ब्राहेकडे प्रयाण, १६०१ मध्ये टीकोच्या निधनानंतर सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारी राजगणितज्ञाचे पद, हा क्रम सर्वज्ञात आहे. मंगळाच्या कक्षेवरील त्याचा ‘आस्त्रोनोमिया नोव्हा’ हा ग्रंथ १६०९ मध्ये निघाला. त्याच वर्षी जुन्या प्रबंधाला त्याने कथेचा देह दिला.

कथेची चौकट स्वप्नाची आहे. निवेदकाला झोप लागते. स्वप्नात तो एक पुस्तक वाचतो आणि त्या पुस्तकात दुराकोटुस नावाचा आइसलँडचा तरुण आपली हकीकत सांगतो. त्याची आई फिओल्क्सहिल्डे हेक्ला पर्वतावर वनस्पती गोळा करते, बोकडाच्या कातड्याच्या पिशव्यांत शिवते आणि खलाशांना विकते. मुलगा कुतूहलाने एक पिशवी कापतो. संतापून आई त्याला जहाजाच्या कप्तानाच्या हवाली करते. अशा रीतीने तो टीको ब्राहेकडे पोहोचतो, ज्योतिष शिकतो आणि पाच वर्षांनी परततो. आता पश्चात्तापाने निवळलेली आई त्याला आपली गुप्त विद्या दाखवते. ती लेव्हानियाच्या एका पिशाच्चाला पाचारण करते आणि त्या सृष्टीचे वर्णन आपण त्याच्या तोंडून ऐकतो.

हे वर्णन विलक्षण आहे. पन्नास हजार जर्मन मैलांचे अंतर ग्रहणाच्या सावलीतून चार तासांत कापायचे असते. आरंभीचा धक्का तोफेच्या स्फोटासारखा असल्याने प्रवाशाला गुंगीचे औषध द्यावे लागते, आणि विरळ हवेसाठी नाकाशी ओले स्पंज धरावे लागतात. लेव्हानियाचे दोन अर्ध आहेत. एकावरून आपली पृथ्वी, जिला तेथे ‘व्होल्व्हा’ म्हणतात, आकाशात खिळा ठोकून अडकवल्यासारखी स्थिर दिसते. दुसऱ्या अर्धावरील जिवांना ती जन्मात दिसत नाही. तेथील एक दिवस आणि एक रात्र मिळून आपला महिना होतो. तितकीच दीर्घ टोके तेथील उष्णतेला आणि थंडीला आहेत. प्राणी अवाढव्य आणि अल्पायुषी. ओसरत्या पाण्यामागे ते पायांनी, पंखांनी वा होड्यांनी धावतात, आणि उन्हापासून वाचण्यासाठी गुहांत व पाण्यात दडतात. पुष्कळांची प्रकृती सापासारखी आहे.

या सृष्टीचे मर्म तिच्या प्राण्यांपेक्षा तिच्या दृष्टिकोनात आहे, असे मला वाटते. लेव्हानियाच्या रहिवाशांना आपली भूमी अचल वाटते आणि तारे फिरताना दिसतात. ज्या साक्षीवर आपण पृथ्वी स्थिर मानतो, त्याच साक्षीवर तेही फसतात. डोळ्यांना दिसते ते आपण उभे असलेल्या जागेवर अवलंबून असते, हा कोपर्निकसचा युक्तिवाद केप्लरने कथनाच्या स्थानात मुरवला. येथे कथा हीच सिद्धता झाली आहे. परवानगी नाकारलेल्या प्रबंधाला हे साधले नसते.

१६११ हे वर्ष केप्लरला घातक ठरले. पहिली पत्नी आणि एक मुलगा वारले, रुडॉल्फची सत्ता ढासळली. त्याच वर्षी ‘स्वप्ना’ची एक हस्तलिखित प्रत प्रागहून लाइप्झिगमार्गे ट्यूबिंगेनला गेली. पुढे केप्लरने जे नोंदवले त्यानुसार, तेथे न्हाव्यांच्या दुकानांत तिची चर्चा झाली. वडिलांवाचून वाढलेला, टीकोचा शिष्य असलेला नायक आणि झाडपाला विकणारी, भुते बोलावणारी आई, एवढे साम्य कुजबुजीला पुरेसे होते.

लेओनबेर्ग येथे १६१५ मध्ये उर्सुला राइनबोल्ड या काचकाम्याच्या बायकोने आरोप केला की, काथारीनाने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो. चेटकिणीच्या या आरोपाविरुद्ध कुटुंबाने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो रेंगाळला. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या काथारीनाला मुलीच्या घरातून रात्री पेटीत घालून नेण्यात आले. चौदा महिने ती साखळदंडांत होती. केप्लर लिंत्स सोडून आला आणि तिच्या बचावाचे सविस्तर निवेदन त्याने तयार करवले. प्रकरण सल्ल्यासाठी ट्यूबिंगेनच्या विधिशाखेकडे गेले. केप्लरचा विद्यार्थिदशेतील मित्र क्रिस्टोफ बेसोल्ड तेथे प्राध्यापक होता. सप्टेंबर १६२१ मध्ये छळाची साधने समोर मांडून तिला धमकावण्यात आले, तरी तिने कबुली दिली नाही. ऑक्टोबरमध्ये ती सुटली आणि एप्रिल १६२२ मध्ये वारली.

यानंतरच्या वर्षांत केप्लरने ‘स्वप्ना’वर २२३ टिपा लिहिल्या. मूळ कथेपेक्षा त्यांचा विस्तार पुष्कळच मोठा आहे. आपल्या परंपरेत स्वोपज्ञ टीकेची उदाहरणे कमी नाहीत, पण ग्रंथ सुगम करणे हा तिचा हेतू असतो. केप्लरच्या टिपांना कैफियतीचा सूर आहे. फिओल्क्सहिल्डे हे नाव आपल्या खोलीतील नकाशावरून सुचले, असे तो सांगतो. पिशाच्चाचा वाचक शब्द ‘जाणणे’ या ग्रीक धातूशी जोडतो. आई म्हणजे अज्ञान आणि त्यातून जन्मलेला मुलगा म्हणजे विज्ञान, असे रूपक उलगडतो. अज्ञान जिवंत असेपर्यंत विज्ञानाने गौप्यस्फोट करणे सुरक्षित नसते, असेही त्याचे म्हणणे आहे. कथेतही आईच्या मृत्यूनंतरच दुराकोटुस लिहावयास मोकळा होतो. १६०९ मध्ये हा निव्वळ कथनाचा संकेत होता. टिपा लिहिताना तो चरित्रातील सत्य झाला होता.

हे रूपक मला पटत नाही. पिशव्या शिवणारी, रागावणारी, मुलगा परतल्यावर हरखणारी ती बाई अज्ञानाच्या प्रतीकात मावत नाही. शिवाय चंद्राची सर्व विद्या मुलाला तिच्याच द्वारे मिळते. टीकाकार केप्लर येथे कथाकार केप्लरला मागे खेचतो. त्यामागील भीती मात्र खोटी म्हणता येणार नाही.

हस्तलिखितामुळेच काथारीनावर खटला झाला, हे विधान चरित्रकारांनी दीर्घकाळ केप्लरच्या शब्दावर स्वीकारले. इतिहासकार उलिंका रुब्लाक यांनी २०१५ मधील ग्रंथात खटल्याची मुळे लेओनबेर्गमधील स्थानिक वैरात व अधिकाऱ्यांच्या वर्तनात दाखवली आहेत आणि ‘स्वप्ना’कडे ते कारणत्व जात नाही, असे मांडले आहे. तसे असेल, तर केप्लरने स्वतःवर घेतलेला दोष हेही एक कल्पित ठरते. आपल्या विद्यापीठांत कलाकृतीतून लेखकाचे चरित्र वाचण्याची सवय अजून मोडलेली नाही. येथे त्या वाचनाने लेखकालाच गाठले, आणि आपल्याच संहितेचे ट्यूबिंगेनच्या न्हाव्यांनी केलेले वाचन त्याने खरे मानले.

सागान येथे १६२८ मध्ये स्थायिक झाल्यावर त्याने स्वतःच्या छापखान्यात ‘स्वप्ना’चे मुद्रण सुरू केले. थकलेल्या पैशांच्या वसुलीसाठी निघालेला केप्लर १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्ग येथे वारला. तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत त्याची कबरही नाहीशी झाली. जावई याकोब बार्ट्‌शने अपुरे मुद्रण पुढे नेले, पण १६३३ मध्ये तोही गेला. अखेर मुलगा लुडविगने १६३४ मध्ये फ्रँकफुर्ट येथे ग्रंथ पूर्ण करून प्रसिद्ध केला. त्यात आधी कथा आहे आणि तिच्या मागोमाग त्या २२३ टिपा.