रायगडच्या ‘शनिवार तेल्यां’ना धर्म पुन्हा शिकवणारे डेव्हिड रहाबी नेमके कोण होते?

नेरळ-कर्जत ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या किनारपट्टीत बेने इस्रायली ज्यू शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी त्यांचे घाणे बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांच्या मुळाची कथा आहे. त्यांच्याकडे ना धर्मग्रंथ उरला, ना हिब्रू भाषा. शनिवारची सुट्टी, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढेच टिकले.

परंपरेनुसार डेव्हिड रहाबी कोकणात आले तेव्हा त्यांना हे लोक ज्यू असल्याचा संशय आला. त्यांनी बायकांना वेगवेगळी मासळी शिजवायला दिली. बायकांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले. ज्यू धर्मात असे मासे निषिद्ध आहेत. कोळंबी, खेकडाही चालत नाही. रहाबींची खात्री पटली.

हिब्रू धर्मग्रंथांत असेच काम एज्रा या याजकाच्या नावावर आहे. अहरोनाच्या वंशातला एज्रा बाबिलोनहून यरुशलेमला आला आणि त्याने भर चौकात लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवले. पण त्याच्या हातात पर्शियन सम्राटाचे फर्मान होते. रहाबींचे काम त्याहून अवघड म्हणावे लागेल, कारण त्यांना अक्षरओळखीपासून सुरुवात करायची होती.

त्यांनी झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतले तिघे निवडून तयार केले. हेच पुढे ‘काजी’ झाले. शब्द अरबी, अर्थ न्यायाधीश. गावोगाव फिरून लग्ने लावणे, सुंता करणे, तंटे सोडवणे ही त्यांची कामे. पद बापाकडून मुलाकडे जाई. रहाबींची मात्र दोन-तीन वर्षांतच एका स्थानिक सरदाराने हत्या केली, असे सांगतात. शिकवणारा गेला तरी काजींमुळे शिकवण राहिली.

मग वाद कशाचा? काळाचा. परंपरा रहाबींना सुमारे हजार वर्षे मागे नेते. काही अभ्यासकांच्या मते ते अठराव्या शतकातले, कोचीनच्या व्यापारी रहाबी घराण्यातले डेव्हिड. याच घराण्यातल्या यहेज्केल रहाबींनी १७६८ च्या पत्रात कोकणातल्या ज्यूंबद्दल लिहिले, की ते तेल गाळतात, शेमा म्हणतात आणि शनिवार पाळतात, बाकी त्यांना काही ठाऊक नाही. गुरू हजार वर्षांपूर्वीच येऊन गेला असेल, तर शिकवण एवढीच का उरली, हा प्रश्न रास्त आहे. आणि तो अठराव्या शतकातला असेल, तर त्याआधीच्या साऱ्या पिढ्यांनी शनिवार गुरूशिवायच सांभाळला.

मुंबईत मांडवीला सामाजी हसाजी दिवेकरांनी समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले ते १७९६ मध्ये. पुढे कोचीनहून शिक्षक येऊ लागले, तसे काजींचे महत्त्व ओसरत गेले.